दर महिन्याला बिघडणारं पोट

प्रश्न, थोडक्यात: घरात चार वर्षांचा, मिश्र जातीचा, साधारण १८ किलो वजनाचा कुत्रा आहे. त्याला इथे बंड्या म्हणू. पहिली अडीच वर्षं त्याला काही त्रास नव्हता. गेलं दीड वर्ष मात्र दर तीन-चार आठवड्यांनी पोट बिघडतं. दिवसातून सहा-सात वेळा बाहेर न्यावं लागतं, दर वेळी थोडीशीच पातळ शी होते, तीत आव असते आणि तो बराच वेळ कुंथत बसतो. एकदा ताज्या रक्ताची रेघही दिसली. संध्याकाळी सातला जेवतो आणि अधूनमधून सकाळी पिवळा फेस ओकतो. मधल्या दिवसांत ठणठणीत असतो. पाच कंपन्यांचं पाकिटातलं खाद्य, धान्यविरहित खाद्य, घरी शिजवलेलं, काही दिवस कच्चं मांस, सगळं करून झालं. जवळ जे डॉक्टर सापडतील त्यांच्याकडे नेलं की इंजेक्शन आणि गोळ्या मिळतात, दोन दिवसांत बरं वाटतं. गोचीड-पिसवांची महिन्याची गोळी न चुकता दिली जाते. सासरे त्याला लपूनछपून आपल्या ताटातलं भरवतात आणि त्यावरून घरात धुसफुस आहे. नवरा कामासाठी दर महिन्याला आठवडाभर बाहेरगावी असतो, त्यामुळे रात्रीचं सगळं पत्रलेखिकेच्या एकटीच्या अंगावर पडतं. ती विचारते: त्याचं पोट जन्मतःच नाजूक आहे, तर त्याला कायमचं मानवेल असं खाद्य कोणतं? केसांवरून ॲलर्जी सांगणारी चाचणी करावी का? सासऱ्यांना कसं थांबवू? आणि हे सगळं माझ्या चुकीमुळे होतंय का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, चूक तुमची नाही. कुत्र्याचं पोट बिघडण्याची कारणं इतकी आहेत आणि बाहेरून ती इतकी सारखी दिसतात की घरातल्या माणसाने नुसतं बघून ओळखावं ही अपेक्षाच अवाजवी आहे. दीड वर्ष तुम्ही रात्री-अपरात्री उठताय, फरशी पुसताय, सकाळी पुन्हा त्याचा वाडगा धुऊन भरताय. त्यात हयगय कुठेच दिसत नाही. पण बंड्याच्या पोटाबद्दल तुम्ही काही गोष्टी गृहीत धरून चालला आहात, आणि त्या तपासून बघा असं तुम्हाला कोणी सुचवलेलं दिसत नाही. आज त्याबद्दल बोलू या.

पहिली गोष्ट, पोट जन्मतः नाजूक असण्याची. तुम्हीच लिहिलंय की पहिली अडीच वर्षं त्याला काही झालं नाही. म्हणजे दीड वर्षापूर्वी काहीतरी बदललं. अन्न असेल, जंत असतील, घरातला दिनक्रम असेल, किंवा आतड्याला दाह होण्याचा एखादा आजार सुरू झाला असेल. पोटाची तक्रार तीन आठवड्यांहून जास्त चालली किंवा पुन्हा पुन्हा येत राहिली की पशुवैद्य ती जुनाट धरतात आणि मग तिचं मूळ शोधणं भाग असतं. ‘त्याचं पोटच तसं आहे’ हे एकदा घरात ठरलं की हा शोध थांबतो, आणि त्याचीच मला काळजी वाटते.

आता तुम्ही दिलेल्या बारकाव्यांकडे येते, कारण ते फार उपयोगी आहेत. वारंवार जायला लागणं, दर वेळी थोडंसंच होणं, आव, कुंथणं, कधी ताज्या लाल रक्ताची रेघ: ही सगळी खूण मोठ्या आतड्याच्या दाहाची आहे. लहान आतडं बिघडलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. तेव्हा कुत्रा दिवसातून दोन-चारदाच जातो पण प्रत्येक वेळी भरपूर पातळ होते, नीट खाऊनही वजन उतरत जातं, आणि रक्त असलंच तर ते पचून डांबरासारखं काळं पडलेलं असतं. हा फरक डॉक्टरांना सांगा, कारण पुढच्या तपासण्या त्यावर ठरतात. लहान आतड्याच्या जुनाट बिघाडात अन्नाचं शोषणच नीट होत नाही आणि शरीर खंगतं. मोठ्या आतड्याचा त्रास बघवत नाही, रात्री झोपू देत नाही, पण मधल्या दिवसांत बंड्या खेळतो, खातो, वजन राखून आहे, हे चांगलं लक्षण आहे.

सकाळचा पिवळा फेस मी याहून वेगळा धरेन. तो संध्याकाळी सातला जेवतो, म्हणजे सकाळच्या वाडग्यापर्यंत बारा-तेरा तास पोट रिकामं. अशा वेळी पित्त उलटं जठरात येतं, जठराला झोंबतं आणि कुत्रा पिवळा फेस ओकतो. त्याच्या रोजच्याच खाद्यातला थोडा भाग बाजूला काढा आणि तो रात्री झोपण्याआधी त्याला खायला द्या. एकूण प्रमाण वाढवायचं नाही, फक्त वाटून द्यायचं. पुष्कळ कुत्र्यांचं सकाळचं ओकणं एवढ्यानेच थांबतं. नाही थांबलं, किंवा दिवसाच्या इतर वेळीही उलट्या होऊ लागल्या, तर मात्र माझा हा अंदाज सोडून द्या आणि डॉक्टरांना सांगा. गवत खाण्याबद्दलही एक वाक्य लिहिते, कारण ‘पोट दुखतंय म्हणून गवत खातो’ असं नवरा म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दीड हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना याबद्दल विचारलं होतं. गवत खाण्याआधी आजारी वाटणारे कुत्रे शंभरात दहासुद्धा नव्हते, आणि खाल्ल्यावर ओकणारे साधारण एक पंचमांश. गवत खाणं हे बहुतेक कुत्र्यांचं नेहमीचंच वागणं आहे. गवतावर कीटकनाशक मारलेलं नाही ना, एवढं बघा.

आता मुख्य गोष्ट. दीड वर्षात काय काय घडलं ते तुमच्या पत्रातून मी ओळीने मांडून पाहिलं. पोट बिघडतं, तुम्ही खाद्य बदलता, इंजेक्शन होतं, दोन दिवसांत बरं वाटतं, आणि श्रेय नव्या खाद्याला किंवा गोळीला जातं. तीन आठवड्यांनी पुन्हा बिघडतं, मग ते खाद्यही वाईट ठरतं. पण धडधाकट कुत्र्याचे साधे जुलाब बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबतात. म्हणजे त्या दोन दिवसांत तुम्ही काहीही दिलं असतं तरी ते लागू पडल्यासारखंच वाटलं असतं. यात आणखी एक भर पडते. मोठ्या आतड्यातले जिवाणू रोज मिळणाऱ्या अन्नाला सरावलेले असतात. अन्न एका दिवसात बदललं की त्यांची घडी विस्कटते आणि त्यानेही शी पातळ होते. पाच कंपन्या, धान्यविरहित, घरचं, कच्चं, आणि या प्रत्येक बदलाच्या वेळी पोट आधीच बिघडलेलं. पाटीवरचं पहिलं अक्षर वाचून होण्याआधीच त्यावर दुसरं गिरवत राहावं, तसं झालंय हे. त्या पाचातलं एखादं खाद्य त्याला उत्तम मानवलंही असेल, पण ते कळायला त्याला पुरेसा काळ मिळालेलाच नाही.

म्हणून ‘कायमचं मानवेल असं खाद्य कोणतं’ या प्रश्नाचं उत्तर मी आज देणार नाही, कोणी दिलं तर तुम्हीही घेऊ नका. आधी थांबा. आजवरच्या खाद्यांपैकी ज्यावर सगळ्यात जास्त दिवस बरे गेले असं तुम्हाला वाटतं, ते साधं, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यांसाठीचं संतुलित खाद्य निवडा. त्यावर जायला सात ते दहा दिवस घ्या: पहिले दोन-तीन दिवस एक चतुर्थांश नवं, मग अर्धं-अर्धं, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. आणि मग मध्ये एकदा पोट बिघडलं तरी निदान दोन महिने ते बदलू नका. मला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं आहे. पहाटे तीनला कुंथणाऱ्या कुत्र्याशेजारी उभं असताना काहीतरी बदलावंसं वाटतंच. तरीही बदलू नका.

या दोन महिन्यांत एक वही ठेवा. बंड्याने काय खाल्लं, किती वाजता, कोणी दिलं. शी कशी झाली, किती वेळा. उलटी झाली का. कोणतं औषध दिलं. घरात त्या दिवशी काही वेगळं घडलं का. शीचे फोटो काढायला लाजू नका, पशुवैद्यांना ते रोज बघावे लागतात आणि शब्दांपेक्षा त्यावरून त्यांना जास्त कळतं. वही म्हणजे डॉक्टरांना दाखवायचा केवळ एक कागद नाही. बिघडण्याच्या दिवसाच्या आधीचे तीन दिवस तुम्हाला शांतपणे बघता यावेत, यासाठी ती आहे.

कारण तुमच्या पत्रात दोन गोष्टी ओघात आल्या आहेत, आणि माझं लक्ष सारखं तिकडेच जातंय. बंड्याचं पोट दर तीन-चार आठवड्यांनी बिघडतं. गोचीड-पिसवांची गोळी तुम्ही महिन्यातून एकदा देता. नवरा महिन्यातून एकदा आठवडाभर बाहेर असतो. या तिन्ही गोष्टींच्या तारखा तुम्ही कधी एकाखाली एक लिहिल्या आहेत का? चावून खायच्या गोळ्यांना मांसाचा वास-चव दिलेली असते, आणि अशा काही औषधांच्या दुष्परिणामांत उलट्या-जुलाबांची नोंद आहे. मनावरचा ताणही थेट मोठ्या आतड्याला भिडतो. त्याची हालचाल वाढते, आव पडते, वारंवार जावं लागतं. कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवून आल्यावर किंवा घर बदलल्यावर नेमका हाच प्रकार होतो. बंड्या कोणाच्या मागे मागे असतो, रात्री कोणाच्या खोलीत झोपतो, बॅग भरायला लागली की त्याचं काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातलं काहीच कारण नसेलही. पण तुमचं सगळं पत्र वाडग्याभोवती आहे, आणि कारण कदाचित वाडग्यात नसेलच. जुन्या बिलांवरून डॉक्टरांकडे गेल्याच्या तारखा काढा आणि नवऱ्याच्या प्रवासांच्या तारखांशेजारी ठेवा. एका संध्याकाळचं काम आहे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोचिडीतून येणारे ताप जिवावर बेततात. तारखा जुळल्या तर दुसरं औषध किंवा मानेवर लावायचे थेंब चालतील का, ते विचारा.

सासऱ्यांबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण असं एखादं माणूस जवळजवळ प्रत्येक कुत्र्याच्या घरात असतं आणि बहुतेक घरांत ते भांडणाचं कारण ठरतं. ताटातलं देणं त्रासाचं आहे, यात शंका नाही. तेलकट-तुपकट घास स्वादुपिंडाला सूज आणू शकतो आणि तो आजार साधा नसतो. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला बिनसाखरेचा खाऊ विषारी आहे. हे सगळं तुम्ही त्यांना ऐकवलं असेलच, आणि त्यांनी ‘आम्ही आयुष्यभर कुत्री पाळली’ असंही म्हटलं असेल. पण त्यांच्या बाजूने बघा. दिवसभरात त्यांच्याकडे कोण येऊन बसतं? एका जिवाने त्यांच्या हातून घास घ्यावा, यात त्यांना काहीतरी मिळतंय. ते तुम्ही काढून घेतलंत तर ते लपून देणार, आणि लपून दिलेला घास वहीत येणार नाही. तुमच्या दृष्टीने खरा तोटा तोच आहे.

तेव्हा भरवायला मनाई करू नका. काय भरवायचं तेवढं तुम्ही ठरवा. रोज सकाळी बंड्याच्या दिवसभराच्या खाद्यातला एक भाग मोजून छोट्या डब्यात काढा आणि तो डबा सासऱ्यांच्या स्वाधीन करा. दुपारचं देणं त्यांचं. वहीतली दुपारची नोंदही त्यांनीच करायची. शक्य असेल तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे त्यांनाही न्या. जे सुनेकडून ऐकवत नाही ते डॉक्टरांकडून ऐकलं जातं. आणि कधी ताटातलं दिलं गेलंच तर रागावू नका, फक्त लिहून ठेवायला सांगा. ‘बाबा, काय दिलंत ते कळलं तर डॉक्टरांना उपयोग होईल’ असं म्हणण्यात आरोप नाही. घरातल्या मुलांना, कामाला येणाऱ्या मावशींना, शेजाऱ्यांनाही हाच नियम सांगा. ताटातलं देणाऱ्यांत सासरे एकटेच असतील असं धरून चालू नका.

आता डॉक्टरांविषयी. जवळ जे सापडतील त्यांच्याकडे जाण्याने प्रत्येकाला फक्त एक दिवस दिसला: आज जुलाब, आज इंजेक्शन. दीड वर्षाची रेघ कोणालाच दिसलेली नाही. एक डॉक्टर निवडा, आणि बंड्या बरा असताना, वेळ ठरवून, वही घेऊन जा. शीची तपासणी झालीय का ते पत्रात नाही. झाली नसेल तर सुरुवात तिथून. ताजा नमुना लागतो, आणि तोही एकापेक्षा जास्त दिवसांचा घेतलेला बरा, कारण काही जंतांची अंडी आणि जिआर्डियासारखे सूक्ष्म परजीवी रोजच्या शीत सापडतीलच असं नाही. मोठ्या आतड्यात राहणारा व्हिपवर्म हा जंत तर नमुन्यात सहज हुलकावणी देतो आणि नेमकी आव-कुंथणं अशीच लक्षणं देतो. म्हणून तपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर जंताचं औषध देऊन बघतात, ते योग्यच आहे. त्यापुढे रक्ताच्या तपासण्या: प्रथिनांचं प्रमाण, बी-१२ जीवनसत्त्व, गरज वाटली तर स्वादुपिंडाच्या आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या. हे संप्रेरक बनवणाऱ्या, मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीचा ॲडिसन नावाचा आजार अधूनमधून येणाऱ्या पोटाच्या तक्रारीमागे लपून बसतो आणि सहज निसटतो, म्हणून तो शब्द तुम्ही स्वतःहून काढलात तरी हरकत नाही.

दर वेळच्या गोळ्यांत काय होतं, तेही जुन्या चिठ्ठ्यांवरून बघा. मेट्रोनिडॅझोल किंवा दुसरं प्रतिजैविक असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा: हे प्रत्येक वेळी लागतंच का? साध्या जुलाबांत ताप नसलेल्या, हिंडत्याफिरत्या कुत्र्याला प्रतिजैविक टाळावं, याकडे आता पशुवैद्यकाचा कल आहे. मेट्रोनिडॅझोलने आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचीही घडी मोडते आणि औषध बंद झाल्यावरही ती लगेच बसत नाही. हा प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. मात्र डॉक्टरांनी कारण सांगून दिलं तर पूर्ण द्या, मध्येच सोडू नका.

हे सगळं निर्दोष निघालं आणि त्रास चालूच राहिला, तर मग खाद्याची पाळी. पोटाची जुनाट तक्रार असलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिक फक्त अन्न बदलून सुधारतात, म्हणजे तुमची शंका निराधार नाही. पण तो बदल शिस्तीने करावा लागतो. डॉक्टर एक तर बंड्याने आजवर कधीच न खाल्लेल्या प्रथिनाचं खाद्य देतील, नाही तर प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेलं खाद्य की शरीर त्याला ओळखतच नाही. त्या काळात तोंडात दुसरं काहीही नाही: बिस्किट नाही, चघळायचं हाड नाही, चवीची गोळी नाही, कुत्र्यांची चवदार टूथपेस्टही नाही. पोटाच्या तक्रारीत फरक पडायचा असेल तर बहुधा दोन आठवड्यांत दिसू लागतो; त्वचेच्या ॲलर्जीला याहून पुष्कळ जास्त वेळ लागतो. फरक पडला तर शेवटी जुनं अन्न पुन्हा देऊन बघायचं. लोक ही पायरी गाळतात. पण पुन्हा बिघडलं तरच ते अन्न दोषी ठरतं, एरवी सगळा अंदाजच. कुत्र्यांत सर्वात जास्त आढळणारे दोषी म्हणजे गोमांस, दूध, चिकन आणि गहू. यातली तीन प्राणिज प्रथिनं आहेत, त्यामुळे धान्य काढून टाकल्याने बंड्याला फरक पडला नाही, यात नवल नाही. केसांवरून किंवा लाळेवरून ॲलर्जी सांगणारी चाचणी करू नका. त्या चाचण्या भरवशाच्या नाहीत. चार-पाच पदार्थांची यादी हातात येईल, ते सगळे तुम्ही बंद कराल, आणि पुन्हा तोच गोंधळ सुरू होईल.

घरच्या अन्नाकडे तुमचा ओढा दिसतो. शिजवलेलं घरचं अन्न वाईट नाही, पण रोजचं पूर्ण जेवण म्हणून ते अंदाजाने करता येत नाही. २०१३ साली डेव्हिसच्याच संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या. त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक पोषकद्रव्य कमी पडत होतं. घरचंच द्यायचं असेल तर प्राण्यांच्या आहाराचा अभ्यास असलेल्या पशुवैद्यांकडून त्याच्या वजनाप्रमाणे लिहून घ्या. कच्चं मांस मात्र दुखऱ्या आतड्याच्या कुत्र्याला नको. साल्मोनेलासारखे जंतू त्याला बाधतात आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसापर्यंतही पोहोचतात.

या काळात पोट बिघडेलच, तर त्या दिवशी काय करायचं? चोवीस तास उपाशी ठेवायचा जुना सल्ला आता तितकासा दिला जात नाही. आतड्याच्या अस्तराला पोषण बरंचसं आतून जाणाऱ्या अन्नातूनच मिळतं, त्यामुळे उलट्या नसतील तर थोडं थोडं खाणं चालू ठेवणं बरं. दोन भाग मऊ भात आणि एक भाग हाडं-कातडी काढून उकडलेलं चिकन. मीठ नाही, तेल नाही, मसाला नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. चिकनचीच शंका असेल तर डॉक्टरांना विचारून दुसरं. शी घट्ट झाली की दोन-तीन दिवसांत हळूहळू नेहमीच्या खाद्यावर आणा, भातावर महिनाभर ठेवू नका. पाणी सदैव पुढे हवं. मोठ्या आतड्याच्या त्रासात इसबगोलाने पुष्कळ कुत्र्यांना आराम पडतो. अर्ध्या चमच्यापासून सुरू करा, भरपूर पाण्यात भिजवून, ओल्या अन्नात कालवून, आणि पुढचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. माणसांची औषधं नकोत. आयबुप्रोफेनच्या वर्गातल्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंड बिघडतं. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड तर कोली जातीच्या आणि त्या वंशाच्या कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे मेंदूवर परिणाम करू शकते, आणि मिश्र जातीच्या कुत्र्यात कोणाचा वंश आहे हे आपल्याला माहीत नसतं.

काही वेळा मात्र भात, वही, दोन महिने, सगळं बाजूला ठेवून लगेच निघायचं. वारंवार उलट्या होऊन पाणीही पोटात ठरत नसेल, शी काळी डांबरासारखी किंवा नुसत्या रक्ताची होत असेल, हिरड्या पांढुरक्या किंवा चिकट-कोरड्या वाटत असतील, मानेवरची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच जागेवर बसत नसेल, तो उठायला तयार नसेल, मोजा किंवा चेंडूचा तुकडा गिळल्याचा संशय असेल, तर सकाळची वाट बघू नका. पोट फुगलंय आणि ओकाऱ्या येताहेत पण बाहेर काहीच पडत नाही, हे दिसलं तर एक-एक मिनिट मोलाचं आहे. जठराला पीळ पडलेला असू शकतो, आणि मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत तो जास्त आढळतो. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी लहान पिल्लू असेल, विशेषतः लसीकरण पूर्ण न झालेलं, तर त्यांनी जुलाब-उलट्यांत एक दिवसही घरी थांबू नये. पार्व्हो या विषाणूच्या आजारात पिल्लू फार झपाट्याने खचतं.

आणि बंड्याचं वजन दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर करा. तुम्ही त्याला उचलून उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा; तेवढं उचलणं जमत नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर करून घ्या. आकडा वहीत लिहा. खाणं नेहमीसारखं असूनही तो सलग दोनदा उतरला, तर मोठ्या आतड्याबद्दल मी वर मांडलेला अंदाज पुरेसा नाही असं समजा, दोन महिने पूर्ण होण्याची वाट बघू नका आणि त्याच आठवड्यात रक्ताच्या तपासण्या करून घ्या.